आताच, की मागाहून? कायद्याच्या शिक्षणाच्या उंबरठ्यावरील काही जुने प्रसंग

यंदाच्या आषाढात मंडळाच्या विद्यार्थी साहाय्यनिधी समितीपुढे एक अर्ज आला. अर्जदार आपल्याच एका सभासद कुटुंबातील मुलगी. बारावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. वडील शिवणकाम करणारे. पाठची दोन भावंडे शाळेत. तिला जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विधि महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता. तिचे मन मात्र राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या सामायिक परीक्षेकडे लागलेले. ती परीक्षा तिने एकदा दिली होती आणि थोडक्यात क्रमांक हुकला होता. आणखी एक वर्ष अभ्यास करून पुन्हा बसावे, ही तिची इच्छा. वाढून आलेले ताट कोणी दूर सारते काय, हे वडिलांचे म्हणणे. दोघेही समितीपुढे आली तेव्हा वडील हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मंडळी सांगाल तसे." मुलगी म्हणाली, "गुरुजी, एक वर्ष थांबले तर मंडळ मला विसरणार नाही ना?"

तिच्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, नियम होता. मिळालेला प्रवेश जो नाकारील, त्यास पुढील दोन वर्षे निधीकडे साहाय्य मागता येणार नाही, असा तो नियम. तो घालणाऱ्यांत आम्हीही होतो. काही वर्षांपूर्वी दोघातिघा मुलांनी साहाय्याचा पहिला हप्ता घेतला आणि महाविद्यालयात पाऊलही टाकले नाही, त्या अनुभवातून तो जन्मास आला. समितीतील पाचांपैकी तिघांनी नियमाच्या बाजूने मत दिले, त्यांत आमचेही होते. मुलीने वाद घातला नाही. तिने नमस्कार केला, प्रवेश सोडला आणि साहाय्यही सोडले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. शाळेत एकूणचाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला आणि मत देताना इतिहासातील एकाही माणसाचे स्मरण झाले नाही, ही गोष्ट मनास लागली. मग जुनी पुस्तके काढली. कायद्याच्या शिक्षणाच्या दाराशी उभे राहून 'आताच आत जावे की मागाहून यावे' असा प्रश्न ज्यांस पडला, अशा माणसांची चरित्रे पुन्हा वाचली. त्यांतून जे हाती आले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो. आम्ही मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. कायद्याचे ज्ञान तर मुळीच नाही. तेव्हा हे वकिलाचे विवेचन नव्हे, मास्तराचे वाचन आहे, हे ध्यानी असू द्यावे.

पहिला प्रसंग काठेवाडातला. साल १८८८. मोहनदास करमचंद गांधी हे आदल्या वर्षी मॅट्रिक होऊन भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले होते. तेथील शिकविणे त्यांस पेलेना आणि पहिले सत्र संपताच ते घरी परतले. त्या सुट्टीत कुटुंबाचे जुने स्नेही मावजी दवे घरी आले. त्यांचा हिशेब सरळ होता. बी.ए. होण्यास चारपाच वर्षे जाणार आणि शेवटी साठ रुपयांची नोकरी मिळणार. पुढे वकिलीचा अभ्यास करावयाचा म्हटल्यास आणखी वर्षे. त्यापेक्षा मुलास विलायतेस पाठवून बॅरिस्टर करावे. खर्च चारपाच हजारांच्या वर जाणार नाही. मोहनदासाची इच्छा खरे तर वैद्यकाची, परंतु वैष्णवाने प्रेते चिरावयाची नाहीत म्हणून ती बाजूस पडली. मातोश्री पुतळीबाई राजी नव्हत्या. बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी मुलाकडून मद्य, मांस व स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची शपथ घेवविली, तेव्हा त्यांनी अनुज्ञा दिली.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. आमचे लक्ष गेले ते पुढच्या भागाकडे. मोहनदास मुंबईस येऊन पोहोचला आणि स्नेह्यांनी वडील बंधूंस सांगितले, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मुलाचा पहिलाच प्रवास आहे, तेव्हा नोव्हेंबरापर्यंत थांबावे. नुकतीच एक आगबोट वादळात बुडाल्याची वार्ताही कोणी आणली. सल्ला चांगल्या मनाचा होता व शहाणपणाचाही होता. परंतु थांबण्याच्या त्या काही आठवड्यांत काय झाले? मुंबईतील मोढ वाणी ज्ञातीस बातमी लागली. ज्ञातीची सभा भरली, मुलास बोलावण्यात आले. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो, असा शेटजींचा निर्णय. मुलगा नम्रपणे म्हणाला की, आपण आईस वचन दिले आहे, ते आपले रक्षण करील. शेटजींनी त्यास ज्ञातिबाह्य ठरविले आणि त्याला साहाय्य करणारास अथवा बंदरावर निरोप द्यावयास जाणारास सव्वा रुपया दंड ठोठावला. विलायतेस जाण्याचे पैसे ज्या मेहुण्यांकडे ठेविले होते, त्यांनीही ज्ञातीच्या धाकाने ते देण्याचे नाकारले. एका स्नेह्याकडून उसने घ्यावे लागले. आणखी दोन महिने मुलगा मुंबईत बसून राहता तर काय घडते, कोण सांगणार? जुनागढचे एक वकील बॅरिस्टर होण्यासाठी ४ सप्टेंबरच्या बोटीने निघत आहेत, असे कळताच त्याने समुद्राची वाट पाहिली नाही. त्याच बोटीने तो निघाला. त्या समयी वय एकोणिसाव्या वर्षात होते.

ज्ञातिमंडळाच्या अंकात ही हकीकत लिहिताना लेखणी क्षणभर अडते, हे कबूल करतो. शिक्षणास निघालेल्या मुलाची वाट ज्ञातीने अडविल्याचे प्रसंग एकट्या मोढ वाण्यांतच घडले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्या कथेचा शेवट तर आपल्याच प्रांतात झाला. १८९१ साली बॅरिस्टर होऊन मोहनदास परतले तेव्हा ज्ञातीत दोन तट पडले होते. एका तटाचे समाधान व्हावे म्हणून वडील बंधूंनी त्यांस राजकोटास जाण्यापूर्वी नाशिकास नेले, गोदावरीत स्नान घातले आणि मग राजकोटास ज्ञातिभोजन दिले.

लंडनमध्ये त्यांनी ६ नोव्हेंबर १८८८ रोजी इनर टेंपल या संस्थेत नाव घातले. १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर झाले, ११ जूनला तेथील हायकोर्टात नोंद झाली आणि १२ जूनला बोटीत बसले. एक दिवसही दवडला नाही. बॅरिस्टरीचा अभ्यास त्या काळी कसा असे, तेही सांगण्याजोगे आहे. बारा टर्मा भराव्या लागत, म्हणजे सुमारे तीन वर्षे. टर्म भरणे म्हणजे जेवणे! दर टर्मेत चोवीसएक भोजने होत, त्यांपैकी निदान सहांस हजर राहावे लागे. शिवाय रोमन कायदा व इंग्लंडचा कायदा यांच्या परीक्षा असत, पण त्यांत नापास होणारे थोडे. प्रवेशासाठी आजच्यासारखी स्पर्धा नव्हती. फी व ओळखीची पत्रे असली म्हणजे दार उघडे. म्हणूनच गांधींची घाई आजच्या मुलांस जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांच्यापुढे 'याहून बरी जागा पुढल्या वर्षी' असा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की, घर, पैसा व ज्ञात यांची मने जुळलेली असतानाच निघावे की नाही. ती फिरू लागलेली पाहून त्यांनी घाई केली.

आणि घाईची किंमतही त्यांनी मोजली. पदवी न घेता बॅरिस्टर झालेला हा तरुण मुंबईस वकिली करू लागला. लघुवाद न्यायालयात पहिला खटला चालविताना उलटतपासणीस उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. फी परत देऊन घरी गेला. मग त्याने एका प्रसिद्ध हायस्कुलाची जाहिरात पाहून शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. रोज एक तास इंग्रजी शिकवावयाचे, वेतन पंचाहत्तर रुपये. मुलाखतीस बोलावणे आले, परंतु पदवीधर नाही म्हणून नकार मिळाला. हा भाग वाचताना आम्हांस नेहमी हसू येते. ज्या धंद्यात आमच्यासारख्यांनी जन्म काढला, त्यात शिरकाव मिळविण्यास गांधीजींची विद्या अपुरी पडली!

दुसरा प्रसंग याच नाशिकात जन्मलेल्या एका मुलीचा. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेतील यशामुळे विलायतेतील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या वाट्यास यावयाची, ती स्त्री म्हणून नाकारली गेली. त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवू लागल्या. दरम्यान इंग्लंडातील हितचिंतकांनी वर्गणी जमविली. १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ साली बी.सी.एल्. या कायद्याच्या परीक्षेस बसल्या. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परंतु परीक्षा देता आली तरी पदवी मिळेना, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांस पदव्या देण्यास आरंभ केला तो १९२० साली. बॅरिस्टरीचे दार तर बंदच. हिंदुस्थानात परतून त्यांनी मुंबईची एल्एल्.बी. केली, अलाहाबादेस वकिलीची परीक्षा दिली, तरी न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मिळाला नाही. पुढे बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडद्यातील स्त्रियांच्या मिळकतींचे काम त्यांनी १९०४ पासून केले. स्त्रियांस वकिलीची मुभा देणारा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. त्याच सुमारास त्या बॅरिस्टर झाल्या आणि १९२४ मध्ये कलकत्ता हायकोर्टात त्यांची नोंद झाली. वय सत्तावन्न. परीक्षा दिल्यास बत्तीस वर्षे होऊन गेली होती.

त्यांचे थांबणे हा निर्णय नव्हता, सक्ती होती. म्हणून त्यांचे उदाहरण देऊन कोणा मुलीस 'थांब, बाई' असे सांगणे हा अन्याय होईल. एक गोष्ट मात्र टिपून ठेविली. सरकारने शिष्यवृत्ती नाकारली तेव्हा जी परकी माणसे पुढे झाली, त्यांनी 'आधी जी मिळेल ती जागा घे, मग पाहू' असे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

तिसरा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. आम्ही खरे पाहता याच्याचसाठी लेखणी हाती घेतली. आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वांस ठाऊक. परंतु कायद्याच्या शिक्षणासाठी घेतलेली जागा अर्ध्यावर सोडून परतावे लागलेला पंचविशीतला विद्यार्थी म्हणून त्यांचा विचार आपण क्वचितच करतो.

१९१२ साली ते एलफिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. पुढील वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अट अशी की, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ च्या अखेरीस लंडनला येऊन त्यांनी एकदम दोन ठिकाणी नावे घातली: बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. एवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली व संस्थानाकडून परतण्याचे बोलावणे आले. १९१७ च्या उन्हाळ्यात, महायुद्ध ऐन रंगात असताना, अभ्यास सोडून ते निघाले. पुस्तकांच्या पेट्या निराळ्या बोटीने पाठविल्या होत्या. ती बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली. मिळालेल्या भरपाईतून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली.

तथापि निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट करून ठेविली होती, तिच्याकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून अशी परवानगी मिळविली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास जेथे थांबला तेथून पुढे चालू करता येईल. ग्रेज इनमधील नावही कायम राहिले. म्हणजे त्यांनी जागा सोडली, पण दाराची कडी आपल्या हाती ठेविली. आणि त्या परवानगीस मुदत होती. चार वर्षे! पाचव्या वर्षी येणाऱ्यास पुन्हा पायरीपासून आरंभ.

त्या चार वर्षांत काय काय झाले! बडोद्यास महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली खरी. पण कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्यास गावात राहावयास खोली मिळेना. कचेरीतील शिपाई कागद दुरून फेकीत. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे. त्या दिवशी ते बडोदे सोडून मुंबईस आले. परळच्या पोयबावडीतील चाळीत बिऱ्हाड, घरी रमाबाई व मुलेबाळे. शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांस सल्ला देण्याचा उद्योग आरंभिला. जात कळताच गिऱ्हाइके आटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली, वेतन साडेचारशे रुपये. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांस इतर कॉलेजांतून येत. त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांचा हात लागू नये, म्हणून काही सहकाऱ्यांची कुरबूर चाले.

साडेचारशे रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हे. आमच्या मनात अनेकदा येते की, एखादा माणूस तेथेच रमला असता. पत्नी, मुले, प्राध्यापकी, शहरात मान. 'लंडन मागाहून पाहू' असे म्हणण्यास किती सबळ कारणे! परंतु ते चाळीतच राहिले, काटकसरीने पैसा साठविला, मार्च १९२० मध्ये प्राध्यापकीचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी जुलैत लंडनची बोट धरली. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, अशी तिहेरी जुळवाजुळव करावी लागली. परवानगीची मुदत संपावयास तेव्हा सव्वा वर्ष उरले होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९२१ मध्ये एम.एस्‌सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डॉक्टरेटसाठी दिला, तो परीक्षकांनी फेरफारासाठी परत केला. पैसे संपत आले होते म्हणून १९२३ च्या एप्रिलात मुंबईस येऊन त्यांनी तो येथूनच दुरुस्त करून पाठविला आणि त्या वर्षीच्या अखेरीस डी.एस्‌सी. मिळविली. ग्रंथास प्रस्तावना त्याच प्रा. कॅनन यांची. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते त्या काळी राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. आपल्यापैकी कोणी तिकडे गेल्यास अवश्य पाहावे.

मात्र दुसऱ्यांदा जाऊन बॅरिस्टर झाल्याने सर्व सुरळीत झाले, असे कोणी समजू नये. मुंबई हायकोर्टात सनद घेण्याचे पैसेही भथेनांनी दिले. सॉलिसिटरांकडून कामे येईनात. १९२५ ते १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या हिशेबनीस तयार करणाऱ्या संस्थेत शिकवून त्यांनी प्रपंच चालविला. मग मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. १८५५ साली निघालेली ही संस्था. तिच्याच प्राचार्यपदी जून १९३५ मध्ये त्यांची नेमणूक झाली.

आता गांधींच्या व आंबेडकरांच्या हकीकती शेजारी ठेवून पाहा. एकाने थांबण्याचा सल्ला झिडकारला आणि ते योग्य झाले. दुसऱ्यास थांबावे लागले, तेही वाया गेले नाही. तेव्हा 'थांबावे' किंवा 'थांबू नये' हा मूळ प्रश्नच नव्हे, असे आमचे मत झाले आहे. गांधींच्या थांबण्यावर ताबा दुसऱ्यांचा होता: स्नेह्यांचा, शेटजींचा, पैसे धरून बसलेल्या मेहुण्यांचा. आंबेडकरांचे थांबणे त्यांच्या स्वतःच्या ताब्यात होते. त्यांजपाशी परतण्याची लेखी परवानगी होती, ठरलेली मुदत होती, मधल्या काळात करावयाचे काम होते, आणि परत जाताना पाठीशी उभे राहणारे दोन माणूस होते. यांतील शेवटची गोष्ट विद्यार्थ्याच्या हातची नसते.

येथे स्वतःविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे. वाचकांनी क्षमा करावी. १९७४ साली आम्ही जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. तालुक्याच्या न्यायालयात एका खटल्यात आमच्या आजोबांचा जमिनीचा तुकडा गेला होता. तेव्हापासून वकील व्हावे असे मनात होते. महाविद्यालयात प्रवेशही मिळाला. त्याच आठवड्यात अध्यापक विद्यालयाचे पत्र आले. वडील म्हणाले, "दोन वर्षांत पगार सुरू होईल, भावंडे मार्गी लागतील. कॉलेज काय, मागाहूनही करता येईल." आम्हांस ते पटले. मागाहून बाहेरून बी.ए. करू, मग लॉ कॉलेज, असा बेत वहीत लिहूनही ठेविला होता. १९७६ साली नोकरी लागली. पहिल्या वर्षी बहिणीचे लग्न, दुसऱ्या वर्षी घराचे छप्पर, पुढे बदली, मग आमचेच लग्न. २०१५ साली निवृत्त झालो. वही अजून ट्रंकेत आहे. वडिलांवर आमचा राग नाही. भावंडे खरोखरच मार्गी लागली आणि शाळेने आम्हांस पुष्कळ दिले. परंतु आमच्या 'मागाहून' या शब्दास तारीख नव्हती. कोणी विचारणाराही नव्हता की, मास्तर, त्या बेताचे काय झाले?

वडिलांच्या बाजूसही वजन आहे, हे विसरून चालणार नाही. आज जी मुले बारावीनंतर पाच वर्षांच्या किंवा पदवीनंतर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास जातात, त्यांपैकी बहुतेकांस जिल्ह्याचे महाविद्यालय पुरेसे आहे. आपल्याच ज्ञातीतील जे चारदोन वकील आज नाव मिळवून आहेत, ते तालुक्याच्या न्यायालयांतूनच वर आले. राष्ट्रीय विधि विद्यापीठे महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तेथील शुल्क शिवणकाम करणाऱ्याच्या घरास भिववील असेच असते. शिवाय आपल्याकडील महाविद्यालये सोडलेली जागा सहसा राखून ठेवीत नाहीत. पुढल्या वर्षी प्रवेश न मिळाल्यास दोन्ही गेले. पुन्हा परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक वर चढतोच, असेही नाही. एका वर्षाची तीन वर्षे झालेली मुले आम्ही पाहिली आहेत. घरात बसून, उशिरा उठून, आईच्या जिवावर 'तयारी' करणारास निधीतून एक रुपयाही देऊ नये, असे आमचे आजही स्पष्ट मत आहे.

पण ही मुलगी घरी बसलेली नाही. आषाढानंतर दोन महिन्यांनी आम्ही काही कामानिमित्त न्यायालयाच्या आवारात गेलो होतो. तेथे वडाखाली अर्ज टंकून देणाऱ्यांची टेबले असतात. त्यांतल्या एका टेबलाशी ती संगणकावर कोणाचा तरी वारसाचा अर्ज टंकीत बसलेली दिसली. सकाळी तीन तास हे काम, दुपारनंतर वाचनालय, असा तिचा दिनक्रम. आम्हांस पाहून ती उठली. आम्ही काही बोलण्याच्या आधीच म्हणाली, "गुरुजी, बसा. हा अर्ज पाहा. प्रार्थनाकलमात चूक होती, ती मी वकीलसाहेबांस दाखविली." शेजारच्या वृद्ध टंकलेखकाने मान डोलाविली. आम्हांस तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील तो काळ आठवला. तुलना मोठ्यांशी करू नये, हे कळते; पण आठवण आली ती आली.

तिची परीक्षा डिसेंबरात आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल किंवा नसेलही. निकाल काहीही लागो, आमचे मत चुकले होते, एवढे येथे लिहून ठेवितो. नियम चुकीचा होता असे नव्हे. तो सर्वांस एकाच मापाने मोजीत होता.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक दुरुस्ती मांडीत आहो. प्रवेश सोडून पुन्हा प्रयत्न करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने समितीस लेखी कळवावे: कोणती परीक्षा, कोणत्या महिन्यात, मधल्या काळात कोणते काम वा अभ्यास, आणि पुन्हा अपयश आल्यास कोठे प्रवेश घेणार. समितीस ते पटल्यास तिने एका वर्षापुरते साहाय्य राखून ठेवावे व तसे पत्र मंडळाच्या शिक्क्यानिशी विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. एकच वर्ष, एकदाच. मधल्या काळात दर तीन महिन्यांनी समितीच्या एका सभासदाने त्या घरी जाऊन चौकशी करावी. हे काम पहिल्या वर्षी आम्ही करू. ज्यांस ही दुरुस्ती अमान्य असेल त्यांनी सभेत जरूर बोलावे, विशेषतः ज्यांच्या वेळी निधीचे पैसे बुडाले त्या जुन्या सभासदांनी. आमच्या पहिल्या मताच्या बाजूचे इतर दोघे समितीसदस्य सभेस हजर राहणार आहेत आणि त्यांपैकी एकाचा विरोध अजून कायम आहे. मुलीच्या वडिलांस आम्ही सभेचे निमंत्रण स्वतः जाऊन दिले. ते म्हणाले, दुकान लवकर बंद करून येईन.